धागा: जोखमीच्या गटांतला उपदंश (सिफिलिस) – टक्का खरा कोणता, आरपीआर रक्तचाचणीचा की रॅपिड पट्टीचा?

टेस्टट्यूब (धागाकर्ती)

लैंगिक आजारांच्या आकड्यांवर इथे अधूनमधून चर्चा होते आणि गाडी दर वेळी एकाच ठिकाणी अडते. एका अहवालात अमुक गटात उपदंश इतके टक्के, दुसऱ्यात त्याच गटात त्याच्या निम्मे. मग एक जण म्हणतो सरकार लपवतंय, दुसरा म्हणतो एनजीओ फुगवतात. या धाग्यात तो वाद नको. आकडा तयार कसा होतो आणि कुठे घसरतो, हे त्या त्या कामातल्या लोकांनी लिहावं.

एचआयव्हीचं चित्र त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) २०१७ च्या सेंटिनल सर्वेक्षणात, म्हणजे ठरावीक केंद्रांवरून नमुने घेणाऱ्या पाहणीत, देशपातळीवर सुईने नशा करणाऱ्यांत ६.२६ टक्के, तृतीयपंथीयांत ३.१४, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत (पुढे एमएसएम) २.६९, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत १.५६, लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत ०.८६ आणि स्थलांतरित मजुरांत ०.५१. सर्वसाधारण प्रौढांसाठी त्या वर्षीचा अंदाज ०.२२ होता. उपदंश, परमा (गनोरिया), क्लॅमिडिया यांचे आकडे मात्र इतके सरळ हाती लागत नाहीत. ते का, हाच धाग्याचा विषय.

स्वतःच्या तक्रारीसाठी औषध इथे विचारू नका. त्यासाठी सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक आहे, १०९७ हा फोन आहे, दोन्ही फुकट.

अंशछेद

पहिली खोट नमुन्याच्या आकारात. सेंटिनलमध्ये जोखमीच्या गटाच्या एका केंद्रावरून २५० नमुने घेतात, गरोदर स्त्रियांच्या केंद्रावरून ४००. २५० पैकी ५ पॉझिटिव्ह आले की टक्का २. पण त्याची ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा (खरा टक्का जिथे असू शकतो तो पट्टा) साधारण ०.७ ते ४.६ पर्यंत पसरते. पुढच्या फेरीत त्याच केंद्रावर ८ आले की बातमी येते, 'जिल्ह्यात प्रमाण दीडपटीहून वाढलं'. वाढलं असेलही. ५ आणि ८ यांच्या फरकावरून मात्र ते सांगता येत नाही. केंद्राचा आकडा एकटा वाचायचाच नसतो. राज्याची सगळी केंद्रं एकत्र आणि किमान तीन फेऱ्या बघायच्या.

दुसरी खोट: हे २५० आले कुठून? टीआय प्रकल्पाच्या (जोखमीच्या गटांसाठी एनजीओंमार्फत चालणारा प्रतिबंधाचा कार्यक्रम) नोंदीतून. म्हणजे ज्यांची नोंद आहे, ज्यांना कंडोम मिळतो, ज्यांच्याकडे पियर एज्युकेटर (त्यांच्यातलीच कार्यकर्ती) जाते, त्याच बायका. फोनवरून गिऱ्हाईक ठरवणारी आणि लॉजवर जाऊन घरी परतणारी बाई त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. कामाठीपुरा किंवा बुधवार पेठेचा आकडा हा पेठेतल्या बायकांचा आकडा असतो, मुंबई-पुण्यातल्या सगळ्या देहविक्रयाचा नाही. मुंबईत तर पुनर्विकासामुळे आणि मोबाइलमुळे जुने कुंटणखाने कमी होत गेले आणि धंदा उपनगरांत पांगला, त्यामुळे जुन्या केंद्राचा आकडा दर फेरीला आणखी छोट्या तुकड्याविषयी बोलतो.

गल्लीबोळ

सहमत, पण टीआयच्या बाजूनेही दोन शब्द. अंशछेद म्हणतात ते सर्वेक्षणाचं झालं. प्रकल्पाच्या मासिक अहवालातला टक्का ही वेगळीच चीज आहे आणि पेपरात बहुतेक वेळा तोच छापून येतो.

नियम असा: नोंदणीतल्या प्रत्येक व्यक्तीची दर तिमाहीला वैद्यकीय तपासणी, आणि उपदंश व एचआयव्हीची चाचणी सहा महिन्यांतून एकदा. आता एका बाईची जानेवारीत चाचणी झाली, पॉझिटिव्ह आली, इंजेक्शन दिलं. जुलैत पुन्हा चाचणी, पुन्हा पॉझिटिव्ह, कारण अँटिबॉडी अजून रक्तात आहेत. वर्षाच्या बेरजेत ही एक बाई दोन पॉझिटिव्ह म्हणून येते. लाइनलिस्टला (माणसागणिक नोंदींच्या यादीला) युनिक आयडी असतो, पण बेरीज करणारा चाचण्या मोजतो, माणसं नाही. आणि बाई सांगलीहून पुण्याला गेली की तिकडे नवा आयडी, नवी नोंद, पुन्हा पॉझिटिव्ह.

उलटंही होतं. रक्त द्यायला कोण येतं? ज्या एरवीही नियमित येतात त्याच. नवी आलेली, घरवालीच्या (कुंटणखाना चालवणारीच्या) कर्जात अडकलेली, दारू प्यायलेली, पोलिसांच्या धाडीनंतर गाव सोडलेली बाई येत नाही, आणि लागण तिच्यात जास्त असण्याचा संभव असतो. टार्गेट भरायचं म्हणून मग त्याच त्या ओळखीच्या बायकांना पुन्हा बोलावलं जातं. छेद भरतो, टक्का खाली येतो, सगळे खूश.

रॅकमधली_नळी

लॅबच्या बाजूने. आरपीआर ही सोपी चाचणी म्हणून सगळ्यांना शिकवतात आणि म्हणूनच ती सगळ्यात जास्त बिघडते.

कार्डावर १८ मिलिमीटरचं वर्तुळ. त्यात ५० मायक्रोलिटर सीरम, पूर्ण वर्तुळभर पसरवायचं. त्यावर किटमधल्याच सुईने अँटिजेनचा एक थेंब. ही सुई २० गेजची असते आणि १ मिलिलिटरचे ६० थेंब पाडते, म्हणजे थेंब साधारण १७ मायक्रोलिटर. बाटली तिरकी धरली की थेंब मोठा-छोटा होतो, म्हणून उभीच धरायची. थेंब टाकल्यावर काडीने ढवळायचं नाही. मिसळायचं काम रोटेटरचं. मग १०० फेरे प्रतिमिनिट, ८ मिनिटं, वर ओलसर झाकण. संपल्या संपल्या भरपूर उजेडात कार्ड हलकं तिरकं करत वाचायचं. पांढऱ्या कार्डावर कोळशाच्या कणांचे काळे पुंजके दिसले तर रिॲक्टिव्ह (पॉझिटिव्ह), सारखा राखाडी थर दिसला तर नाही.

कुठे बिघडतं:

अँटिजेन फ्रिजमधून काढून थेट वापरलं तर चाचणीची धार जाते. खोलीचं तापमान २३ ते २९ अंश हवं. डिसेंबरातल्या सकाळी नाशिकच्या लॅबमध्ये ते आपोआप मिळत नाही आणि मेमधल्या दुपारी अकोल्यात तर नाहीच. त्यामुळे खोलीत थर्मामीटर नसेल तर बाकी सगळं बरोबर करूनही निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

रोटेटर नाही म्हणून हाताने फिरवणं. हा सर्रास प्रकार. हाताने फिरवलेल्या कार्डावर कमी टायटरची (अँटिबॉडी कमी असलेली) सीरम हमखास निसटतात.

८ मिनिटांऐवजी १५ मिनिटांनी वाचणं. कडा सुकतात, कण गोळा होतात, निगेटिव्ह कार्ड पॉझिटिव्ह दिसायला लागतं. कँपच्या दिवशी ६० कार्डं एकदम लावली की शेवटच्या ओळीचं हेच होतं. एका वेळी तेवढीच लावा जेवढी मिनिट-दोन मिनिटांत वाचून होतील.

आणि प्रोझोन. उपदंशाच्या दुसऱ्या अवस्थेत अँटिबॉडी इतक्या असतात की पुंजकेच बनत नाहीत. अंगभर पुरळ, तळव्यांवर डाग आणि आरपीआर निगेटिव्ह. एचआयव्हीबरोबर उपदंश असेल तर हे जास्त दिसतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'लक्षणं आहेत' एवढं लिहिलं तरी आम्ही सीरम १:१६ पर्यंत पातळ करून पुन्हा लावतो. चिठ्ठीवर नुसतं 'आरपीआर' लिहिलेलं असलं की तो रुग्ण आमच्या लेखी निगेटिव्ह.

टेस्टट्यूब

धन्यवाद, हेच हवं होतं. आता रॅपिड स्ट्रिपबद्दल लिहा कुणीतरी. हल्ली एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही येतात. दोन अहवालांतल्या तफावतीचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

रॅकमधली_नळी

हो, तिथेच. आरपीआर आणि व्हीडीआरएल (त्याच जातीची दुसरी चाचणी) शरीरातल्या लिपिडविरुद्धच्या अँटिबॉडी मोजतात. उपचारानंतर त्या उतरतात, कित्येकांत निगेटिव्ह होतात. टीपीएचए (लॅबमधली खात्रीची चाचणी) आणि सगळ्या रॅपिड पट्ट्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी पकडतात, त्या बहुतेकांत जन्मभर राहतात. दहा वर्षांपूर्वी पूर्ण बरी झालेली बाई पट्टीवर आजही पॉझिटिव्ह.

म्हणून ज्या वर्षी प्रकल्पाने आरपीआर सोडून पट्टी घेतली त्या वर्षी टक्का उडी मारतो. लागण वाढलेली नसते. पट्टी 'कधी तरी झाला होता' हे सांगते, १:८ किंवा त्यावरचा (सीरम आठपट पातळ करूनही रिॲक्टिव्ह येणारा) आरपीआर 'बहुधा आत्ता आहे' हे सांगतो. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तरच सक्रिय उपदंश म्हणून मोजा, आणि अहवालात कोणती चाचणी वापरली ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा, तळटीपेत नको.

पट्टीचा साठा २ ते ३० अंशांत ठेवायचा असतो. मोबाइल व्हॅनच्या डॅशबोर्डवर विदर्भातल्या उन्हाळ्यात ती केव्हाच वाया जाते, आणि कंट्रोल रेष तरीही उमटू शकते. कंट्रोल रेष म्हणजे द्रव पट्टीवरून वाहिला एवढंच. वाचायची वेळ किटवर छापलेली असते, साधारण १५ ते २० मिनिटं. तासाभराने दिसलेली फिकट रेष मोजायची नाही.

अंशछेद

खोट्या पॉझिटिव्हचा हिशेब करून दाखवतो, तो डोळ्यासमोर असला की पुष्कळ वाद मिटतात.

समजा १००० जणी, त्यांतल्या २० जणींना खरोखर लागण. चाचणीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांतल्या किती पकडते) ८५ टक्के, विशिष्टता (आजार नसलेल्यांतल्या किती निगेटिव्ह दाखवते) ९८. खऱ्या २० पैकी १७ पकडल्या. उरलेल्या ९८० पैकी २ टक्के, म्हणजे जवळपास २० जणी खोट्या पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ३७. अहवालात ३.७ टक्के छापलं जाईल, खरं २ होतं. आणि पॉझिटिव्ह आलेल्या दोघींपैकी एकीला आजारच नाही.

तीच चाचणी अशा गटात लावा जिथे हजारात एकीलाच लागण आहे. पॉझिटिव्ह २१ येतील, खरी एक. म्हणजे जोखीम जितकी कमी तितकी दुसऱ्या चाचणीने खात्री करण्याची गरज मोठी. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, सुईने घेतलेली नशा, या सगळ्यांत आरपीआर खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. हे खोटे निकाल बहुधा कमी टायटरचे असतात, पण कमी टायटर म्हणजे खोटाच, असं उलटं धरू नका.

सुधारणेचं सूत्र सोपं आहे: दिसणारं प्रमाण अधिक विशिष्टता वजा १, भागिले संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १. वरचे आकडे घाला: ०.०३७ + ०.९८ − १ = ०.०१७, भागिले ०.८३, उत्तर ०.०२.

कुंपणावरचा

एवढा आटापिटा कशाला? क्लिनिकमध्ये लक्षणं बघून रंगीत किट देतातच की. तेवढ्याने भागत नाही का?

ओपीडी_खोली_७

उपचारापुरतं काही अंशी भागतं. प्रमाण मोजायला अजिबात नाही.

नाकोची किट रंगानुसार आहेत. करडं पहिलं: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, लघवीच्या मार्गातून, गर्भाशयमुखातून किंवा गुदद्वारातून स्राव असेल तर. हिरवं दुसरं: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५०, योनिस्रावासाठी. पांढरं तिसरं: बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट आणि ॲझिथ्रोमायसिन, नागिणीसारखे फोड नसलेल्या जखमेसाठी. पेनिसिलिन चालत नसेल तर निळं, हर्पिसला लाल, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, जांघेतल्या गाठीला काळं. वेगवान आणि स्वस्त पद्धत आहे, लॅबची वाट बघावी लागत नाही.

पण लक्षण असेल तरच ती चालते. स्त्रियांतला बहुतांश क्लॅमिडिया आणि परम्याचा मोठा भाग लक्षणाविना असतो. उलट योनिस्राव असलेल्या बहुतेक जणींना जंतूंचा असमतोल किंवा बुरशी असते, परमा नसतो. म्हणजे एकीकडे नको त्यांना औषध आणि दुसरीकडे हवं त्या हातातून निसटतात. म्हणूनच पहिल्यांदा येणाऱ्या किंवा सहा महिने न आलेल्या देहविक्रय करणाऱ्या बाईला लक्षण नसतानाही करडं किट द्यायची पद्धत आहे. क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये त्या नोंदी 'रुग्ण' म्हणून मिसळल्या की आकड्यांची वाट लागते. त्या वेगळ्या रकान्यात हव्यात.

एमएसएम आणि तृतीयपंथीयांत दुसरी अडचण. नॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी उपलब्ध असली तरी नमुना लघवीचाच घेतात. घशातला आणि गुदाशयातला परमा-क्लॅमिडिया बहुधा गप्प असतो आणि लघवीत दिसत नाही. तीन जागांऐवजी एकाच जागेचा नमुना घेतला की अर्ध्याहून जास्त लागण निसटू शकते. गुदाशयाचा स्वॅब रुग्णाने स्वतः घेतला तरी चालतो, दोन-तीन सेंटिमीटर आत, हलकं फिरवून. हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, पण विचारायलाच लाज वाटते, रुग्णाला नव्हे, विचारणाऱ्याला. शिवाय गुदाशयातल्या क्लॅमिडियाला ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस कमी पडतो. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, जास्त खात्रीचं.

आणि केमिस्टच्या काउंटरवरून मिळणारं सिप्रो आपल्याकडच्या परम्यावर कधीचंच निकामी झालंय. स्राव दोन दिवस कमी होतो, माणूस क्लिनिकला येत नाही, लागण पुढे जाते.

कुंपणावरचा

पटलं. मग हे लपलेले लोक मोजतात कसे? नोंदच नाही तर नमुना कुठून?

अंशछेद

दोन मार्ग. जिथे लोक जागेवर येतात, म्हणजे स्टेशनजवळचा कोपरा, बाग, बार, तिथे आधी नकाशा करायचा: कोणत्या जागी, कोणत्या वारी, कोणत्या वेळी साधारण किती जण. मग जागा आणि वेळ यांच्या जोड्यांतून चिठ्ठ्या काढायच्या आणि त्या तासात तिथे आलेल्यांतून निवड करायची. जो रोज येतो तो सापडण्याची शक्यता महिन्यातून एकदा येणाऱ्यापेक्षा जास्त, म्हणून 'किती वेळा येता' हे विचारून वजन द्यावं लागतं. अहवालात वजन दिलेलं नसेल तर तो आकडा फक्त रोज येणाऱ्यांचा समजा.

दुसरा कूपनचा. १९९७ मध्ये डग्लस हेकाथॉर्न यांनी मांडलेली पद्धत. सुरुवातीला पाच-सहा जण निवडायचे, प्रत्येकाला साधारण तीन कूपनं. त्यांनी आपापल्या ओळखीच्यांना आणायचं, त्यांना पुन्हा तीन. साखळी सहा-सात फेऱ्या गेली की सुरुवातीच्या निवडीचा प्रभाव ओसरतो. ज्याची ओळख मोठी त्याला वजन कमी. बिघडतं कुठे? मानधन जास्त ठेवलं की कूपनं विकली जातात आणि भलतेच लोक येतात. कमी ठेवलं की साखळी दुसऱ्या फेरीतच तुटते. सुरुवातीचे सगळे एकाच मंडळातले घेतले तर दुसऱ्या मंडळापर्यंत कूपन पोचतच नाही. इंग्रजी बोलणारे ॲपवाले आणि लोकलच्या स्टेशनवरचे, यांच्यात ओळखीचा पूल नसतो.

आपल्याकडे या पद्धतींचा मोठा वापर आयबीबीए सर्वेक्षणात (वर्तन आणि रक्त-लघवीच्या चाचण्या एकत्र) झाला. गेट्स फाउंडेशनचा एचआयव्ही प्रतिबंधाचा 'अवाहन' कार्यक्रम २००३ ला सुरू झाला, महाराष्ट्रासह सहा राज्यांत; त्याच्या मूल्यमापनासाठी ते दोन फेऱ्यांत झालं आणि त्यात एचआयव्हीबरोबर उपदंश, परमा, क्लॅमिडियाही तपासले. पुढे नाकोच्या २०१४-१५ च्या सर्वेक्षणात एचआयव्ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत २.२ टक्के, एमएसएममध्ये ४.३, सुईने नशा करणाऱ्यांत ९.९ आला. हे २०१७ च्या सेंटिनलपेक्षा जास्त दिसतात, पण निवडीची पद्धतच वेगळी असल्याने दोन्ही आकडे एका आलेखावर जोडून 'घट' दाखवू नये. हा उद्योग मी म्हणाल तितक्या ठिकाणी बघितलाय.

अनामिका_कोल्हापूर

नव्वदच्या दशकात मुंबईत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत एचआयव्ही निम्म्याच्या आसपास होता असं वाचलं होतं. तिथून इतकं खाली आलं ते कंडोममुळेच ना?

ओपीडी_खोली_७

कंडोमचा वाटा मोठा. पण त्या काळात एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) नव्हती, कित्येक जणी वारल्या, कित्येक आजारी पडून गावी परतल्या. मृत्यूनेही टक्का उतरतो, हे लक्षात ठेवून तो आलेख वाचावा. आणि आता उलट: एआरटीमुळे माणसं वर्षानुवर्षं जगतात, म्हणून नवी लागण कमी होत असतानाही एचआयव्हीचं प्रमाण टिकून राहू शकतं. उपदंशात तसं नाही, सुरुवातीचा असेल तर तो एका इंजेक्शनने बरा होतो, म्हणून आरपीआरचं प्रमाण अलीकडच्या लागणीजवळ जातं. एचआयव्हीचा टक्का स्थिर आणि आरपीआर वर चढतोय असं दिसलं तर मला आधी दुसऱ्याची काळजी वाटेल.

गल्लीबोळ

त्या इंजेक्शनबद्दलही लिहा डॉक्टर. अर्ध्या पॉझिटिव्ह बायका तिथेच गळतात.

ओपीडी_खोली_७

बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन भाग करून प्रत्येक कुल्ल्यात १२ लाख, खोल स्नायूत. शिरेत कधीही नाही. पावडर घट्ट असते. पाणी घालून नीट हलवली नाही किंवा भरून ठेवून दिली की सुईत अडकते. २१ गेजची सुई घ्या, भरल्यावर लगेच आणि सावकाश द्या. दुखतंच, ते आधी सांगा. अर्धा तास बसवून ठेवा, ॲड्रेनलिन हाताशी हवं. पहिल्या चोवीस तासांत ताप, थंडी, अंगदुखी येऊ शकते. ती जंतू मरताना उठणारी प्रतिक्रिया असते, ॲलर्जी नाही. हे न सांगितल्यामुळे बाई 'इंजेक्शन बाधलं' म्हणते आणि गल्लीतल्या दहा जणींना सांगते.

नंतर टायटर. १:३२ वरून १:८, म्हणजे चौपट उतार, सहा ते बारा महिन्यांत दिसला तर उपचार लागू पडला. १:८ वरून १:४ हा फरक चाचणीच्या चुकीतच मोडतो. १:४ वरून १:१६ झालं तर पुन्हा लागण धरा आणि जोडीदाराचा उपचार झाला होता का ते विचारा. तुलना एकाच लॅबच्या, एकाच चाचणीच्या टायटरची. आधीचा व्हीडीआरएल आणि नंतरचा आरपीआर असं चालत नाही. काही जणांत उपचारानंतरही १:२ किंवा १:४ कायम राहतो, त्यांना दर सहा महिन्यांनी इंजेक्शन टोचत बसू नये.

टेस्टट्यूब

शेवटचा प्रश्न. पट्टी पॉझिटिव्ह, आरपीआर निगेटिव्ह, आणि बाई म्हणते कधी इंजेक्शन घेतल्याचं आठवत नाही. मोजायचं कुठे आणि करायचं काय?

ओपीडी_खोली_७

मोजायचं 'पूर्वीची किंवा अनिश्चित' या वेगळ्या रकान्यात, सक्रियमध्ये नाही. लक्षणं नीट तपासा, कारण ताजी जखम असेल तर आरपीआर अजून उमटलेला नसेल. महिन्याभराने पुन्हा लावा. जखम नाही आणि टीपीएचएने पट्टीला दुजोरा दिला, उपचाराची नोंद कुठेच नाही, तर जुनी लागण धरून आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, प्रत्येक वेळी २४ लाख. दोन डोसांत चौदा दिवसांहून जास्त अंतर पडलं तर पहिल्यापासून सुरू. गरोदर असेल तर नऊ दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि तिला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांवर ढकलू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात डिसेन्सिटायझेशनसाठी (थोडं थोडं देऊन औषध सोसायला लावणं) पाठवा. तारीख, डोस आणि टायटर असलेलं कार्ड तिच्याजवळ द्या, त्यावर आजाराचं नाव न लिहिता नुसता कोड लिहा. पुण्याहून ती नागपूरला गेली तरी तिथल्या नर्सला चौथ्यांदा टोचावं लागणार नाही.